साताऱ्यात राजधानी शोधायची कुठं?

प्रश्न नाशिकच्या एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: "दोन वर्षांपूर्वी महाबळेश्वरला जाताना अजिंक्यताऱ्यावर चढलो. वर टॉवर, दोन-चार तळी, पडके चौथरे. खाली आलो तर नुसती गर्दी. गावभर 'राजधानी सातारा' लिहिलेलं, पण राजधानी म्हणावं असं काही दिसलंच नाही. आता मुलीचा नववीचा प्रकल्प त्याच विषयावर आहे. बरोबर आई आहे, वय बहात्तर, गुडघे दुखतात. हातात दीड दिवस. काय बघावं?"

मी साताऱ्याचीच. सव्वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि त्यातली अठरा-एकोणीस वर्षं महिन्यातल्या एका रविवारी येईल त्याला गावातून फिरवते आहे. तुमची तक्रार दर फेरीत एक तरी जण करतो, आणि ती खोटी नसते.

स्थळांची यादी तुम्हाला कुठंही मिळेल, तुमची अडचण यादीची नाहीच. राजधानी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं रायगड येतो. एकच डोंगर, त्यावर सिंहासनाची जागा, बाजारपेठ, समाधी, सगळं एका आवारात. साताऱ्यात राजधानी तीनदा मांडली गेली आणि दर खेपेला डोंगरावरून थोडी खाली सरकली. पहिली गडावर, दुसरी गडाच्या उतारावर, तिसरी आजच्या राजवाड्यापाशी. त्यातून इथले वाडे राज्य गेल्यावर ओस पडले नाहीत, त्यांत शाळा भरल्या, कचेऱ्या भरल्या. चालू शाळेला कुणी अवशेष म्हणत नाही, म्हणून ती बघायचीही राहते. तुम्ही वर चढलात, वरचं बघितलंत आणि गाडीत बसून निघून गेलात. मधला उतार तुमचा राहिला, आणि राजधानी बरीचशी तिथंच आहे.

आधी काही अटी. तुम्ही कोणत्या महिन्यात येताय यावर माहुलीचा नदीकाठचा घाट दिसणार की नाही ते ठरेल. आईंना पायऱ्या किती झेपतात ते तुम्हीच जाणता. वाड्यांत आत जायला मिळेलच असं नाही, काही ठिकाणी राजघराण्यातली मंडळी राहतात, काही ठिकाणी डागडुजी किंवा कुलूप. सोमवारी संग्रहालयाचा बेत ठेवू नका, सरकारी संग्रहालयं त्या दिवशी बहुधा बंद असतात. हे सगळं धरून मी पुढं सांगते आहे.

गडापासूनच सुरू करू. हो, परत जायचं. आता दरवाजाच्या जवळपर्यंत गाडी जाते, म्हणजे आईंचीही सोय होते. पण या वेळी वर काय उरलंय ते शोधत हिंडू नका. गावाच्या बाजूच्या तटावर अर्धा तास बसा आणि खाली बघा. समोर यवतेश्वराचा डोंगर, पाठीशी तुम्ही बसलेला गड आणि या दोघांच्या कुशीत गाव. हवा स्वच्छ असली तर सज्जनगड, जरंडेश्वर, चंदन-वंदन ओळखू येतात. मुलीला वही काढून हा नकाशा हातानं काढायला लावा. प्रकल्पाचं पहिलं पान तेच.

गडाची गोष्ट तिला एवढीच सांगा. शिलाहारांच्या दुसऱ्या भोजानं बांधला असं मानतात. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये घेतला. जिंजीहून परतल्यावर राजाराम महाराजांनी राजधानी इथं आणली आणि लगोलग, डिसेंबर १६९९ मध्ये, खुद्द औरंगजेब येऊन वेढा घालून बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी साडेचार महिने गड झुंजवला. मोगलांनी मंगळाईच्या बुरुजाखाली सुरुंग लावले, त्यातला एक उलटा फुटला आणि त्यांचीच शेकडो माणसं गाडली गेली. मधेच मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले, आणि एप्रिल १७०० मध्ये गड गेला. औरंगजेबानं नाव ठेवलं आझमतारा. ताराबाईंच्या लोकांनी तो पुन्हा घेतला तेव्हा अजिंक्यतारा झाला. वर मंगळाईचं देऊळ आहे, तिथं ही हकीकत सांगा, नुसत्या चौथऱ्यांपेक्षा पोरांच्या ध्यानात राहते. गडावर तुमच्या हाती काही लागलं नाही याचं कारण सरळ आहे. राजधानी म्हणून गड वापरला गेला तो थोडा काळ, तोही तोफांच्या धुरात. त्यानंतर तो राजधानीची तिजोरी आणि तुरुंग म्हणून कामाला आला. १७५० च्या नोव्हेंबरात ताराबाईंनी शाहूंनंतर गादीवर आलेल्या छत्रपती रामराजांना याच गडावर अडकवून ठेवलं. गड ज्याच्या हाती, छत्रपती त्याच्या हाती, असा तो मामला होता.

आता दुसरी राजधानी, आणि इथं मी जरा रेंगाळणार.

शाहू महाराज सात वर्षांचे असताना रायगड पडला आणि ते मोगलांच्या कैदेत गेले. सुटले १७०७ मध्ये, औरंगजेब मेल्यावर. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला आणि पुढं १७४९ च्या डिसेंबरात वारेपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं, ते इथून राज्य करत होते. माळव्यात, गुजरातेत, बुंदेलखंडात फौजा जात होत्या, त्यांचा धनी या उतारावर राहत होता. पण शाहूंचा रंगमहाल शोधायला निघालात तर पुन्हा निराश व्हाल, तो आज नाही. त्यांनी मागं ठेवलं ते शाहूनगर, म्हणजे हे गावच.

गाव बघायचं कसं? पाट्या वाचत. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार अशा वारांच्या पेठा आहेतच, पण त्यांच्या जोडीला मल्हार पेठ, यादोगोपाळ पेठ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, बसाप्पा पेठ, केसरकर पेठ, माची पेठ. माची पेठ गडाच्या पायाशी, नावातच जागा सांगितलेली. आणि मग रामाचा गोट, पंताचा गोट. मुलीला विचारा गोट म्हणजे काय. गोट म्हणजे तळ, सरदाराची माणसं, घोडी, राहुट्या जिथं उतरायच्या ती जागा. म्हणजे आज जिथं चारमजली इमारतीखाली मोबाइलचं दुकान आहे तिथं कधीकाळी घोडी बांधली जायची, हे नुसत्या पत्त्यावरून कळतं. राजधानीत माणूस दरबाराला यायचा तो लवाजमा घेऊन, आणि त्याला उतरायला जागा लागायची. प्रतापगंज पेठ ही नंतरची, त्या नावावर आपण पुढं येऊ.

दुसरी खूण पाणी. साताऱ्यात रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण कमानी हौद म्हणतो, मंगळवार तळं, मोती तळं, फुटकं तळं, रिसालदार तळं, गोडोली तळं म्हणतो. एवढी तळी आणि हौद उगाच झालेले नाहीत. गाव कृष्णेपासून दूर आणि उंचावर. नदीचं पाणी वर चढवायची सोय नव्हती, म्हणून यवतेश्वराच्या आणि महादऱ्याच्या बाजूचं डोंगरातलं पाणी उतारानं खाली आणायचं आणि जागोजाग साठवायचं, अशी रचना झाली. इंग्रजांच्या काळात कासचा तलाव झाला आणि तिथूनही पाणी आलं ते उघड्या पाटानं, डोंगराच्या कडेकडेनं. तत्त्व तेच, उतार. म्हणून आपल्याकडे दोन मुख्य रस्ते डोंगराला समांतर आहेत. नगरपालिकेनं त्यांना राजपथ आणि कर्मवीर पथ अशी नावं दिली, तरी सातारकर म्हणणार वरचा रस्ता आणि खालचा रस्ता. त्यांना जोडणाऱ्या गल्ल्यांतून चाललात की पाय आपोआप खाली ओढले जातात. पाण्याचीही वाट तीच.

माझ्या माहेरच्या घरामागं एकदा गटार खणताना खापरी नळाचा तुकडा निघाला होता. हातभर लांब, भाजलेल्या मातीचा, एक तोंड रुंद आणि एक निमुळतं, म्हणजे पुढच्याच्या तोंडात बसावं असं. जोडाला चुन्याचा पांढरा थर घट्ट धरलेला आणि आतून पाण्याच्या क्षारानं खडबडीत झालेला. मी तो शाळेत नेत असे. तलवारीचं चित्र बघून पोरं ओरडतात, हा तुकडा हातात घेतल्यावर गप्प बसायची आणि मग विचारायची, "बाई, हे कुणी बसवलं?" माझ्या मते राजधानीबद्दल विचारायचा प्रश्न तोच.

इथं मध्येच एक सावधगिरी, कारण प्रकल्पात हमखास चूक होते ती इथं. शाहू एक नाहीत. साताऱ्याचे थोरले शाहू, संभाजी महाराजांचे चिरंजीव, ते १७४९ मध्ये वारले. साताऱ्याचेच दुसरे शाहू, १७७७ ते १८०८. आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू, आरक्षण आणि वसतिगृहांवाले, ते १९२२ मध्ये वारले. साताऱ्यात या नावाच्या संस्था, चौक, सभागृहं आहेत आणि प्रत्येक ठिकाणी 'कोणते शाहू' हे विचारावंच लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळालं, त्यातले शाहू कोल्हापूरचे. माझ्या वर्गात दर वर्षी दोन-तीन मुलं तिथं थोरल्या शाहूंचा फोटो चिकटवून आणायची.

शाहूकाळातलं बांधकाम उभं, धड आणि जवळून बघायचं असेल तर लिंबला जा. पुण्याहून येताना साताऱ्याच्या पंधरा-सोळा किलोमीटर अलीकडे हमरस्त्यावरून आत वळायचं, म्हणजे तुमच्या वाटेवरच आहे. बारा मोटेची विहीर. मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी वर काढायची चामड्याची पिशवी. शाहूंच्या जवळच्या वीरूबाईंनी ती बांधवली, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, आणि तसा शिलालेख तिथं आहे. खोली सुमारे ११० फूट, व्यास सुमारे ५० फूट. वरून पाहिली तर आकार शिवलिंगासारखा, एका बाजूला अष्टकोनी मोठी विहीर आणि तिला जोडून पायऱ्यांची बाजू. मधल्या भागावर चक्क एक छोटा महाल आहे. खाली पाणी, वर खोली, बसायला गार जागा. दारावर शरभाची, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची, शिल्पं आहेत, पंजात हत्ती धरलेली. हे सगळं आंब्याच्या बागेला पाणी द्यायला.

इथं माझी एक फजिती सांगते. पहिली तीन-चार वर्षं मी फेरीतल्या लोकांना ठासून सांगायची की विहिरीवर बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. एकदा सातवीतला एक मुलगा काठाभोवती फिरून आला आणि म्हणाला, "बाई, जागा पंधरा आहेत." मी म्हटलं, नीट मोज. तो परत गेला, परत पंधरा. मग मीही मोजल्या. पंधराच. नाव बाराचं, सोय पंधराची. गावातल्या एका आजोबांनी शांतपणे सांगितलं की हे तर सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून मी स्वतः मोजल्याशिवाय आकडा सांगत नाही, आणि मुलांना आधी मोजायला सोडते. तुमच्या मुलीलाही सोडा, फक्त कडेवर लक्ष ठेवा. आई वरच्या बाजूनं विहीर बघू शकतील, खाली महालापर्यंत पायऱ्या आहेत, त्या उंच आहेत.

शाहू गेल्यावर कारभार पुण्याला गेला. 'मग सातारा कसली राजधानी' असं लोक विचारतात. कारभार पुण्यात, पण पेशवा होण्याची वस्त्रं साताऱ्याहून. पहिल्या बाजीरावांना शाहूंनी नेमलं ते ठीक, पण पुढं छत्रपतींच्या हाती सत्ता उरली नव्हती तेव्हाही वस्त्रांशिवाय पेशवा होता येत नव्हतं. १७७४ मध्ये सवाई माधवराव चाळीस दिवसांचे असताना त्यांच्यासाठी पुरंदरावर वस्त्रं आली ती साताऱ्याहूनच. बघायला यातलं काही नाही. मुलीनं दोन ओळी लिहिल्या तरी पुरे, पण त्या लिहाव्यात, नाहीतर पंचाहत्तर वर्षं गाव झोपलं होतं असं वाटतं.

तिसरी राजधानी राजवाड्याची. इथं तुम्ही गाडीतून गेला असणार, गोल बागेपाशी ट्रॅफिकमध्ये थांबलाही असाल. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी सातारा घेतला, त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत प्रतापसिंह महाराज त्यांच्या हाती आले आणि त्यांनी महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. देखरेखीला रेसिडेंट ठेवला कॅप्टन जेम्स ग्रँट, तोच पुढं ग्रँट डफ, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा. १८२२ मध्ये कारभार महाराजांकडे आला आणि त्या माणसानं तो मन लावून केला. जुना राजवाडा त्यांचा, १८२४ चा. शेजारचा नवा राजवाडा त्यांच्या भावाच्या, आप्पासाहेबांच्या काळातला. प्रतापगंज पेठेतले 'प्रताप' हेच. पुढं इंग्रजांशी बिनसलं, गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान केल्याचे वगैरे आरोप ठेवून १८३९ मध्ये त्यांना काढलं आणि काशीला पाठवलं. तिथंच १८४७ मध्ये ते वारले. आप्पासाहेब १८४८ मध्ये गेले, त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीनं मानला नाही आणि राज्य खालसा झालं. दत्तक नामंजूर करून त्यानं खालसा केलेलं हे पहिलं संस्थान. झाशी, नागपूर नंतरची.

राजवाड्यासमोर उभं राहून हे सांगा आणि मग दुसरा अर्धा सांगा. राज्य गेलं आणि जुन्या राजवाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागलं, आजचं छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेत एका मुलाचं नाव घातलं गेलं. रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर. बाबासाहेबांचं इंग्रजी शिक्षण इथं सुरू झालं. म्हणून ७ नोव्हेंबर हा दिवस आपल्याकडे २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यांच्या आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या, त्यांची समाधी सदर बाजारात आहे. ज्या वाड्यात छत्रपतींचा दरबार भरला त्याच वाड्यात हा मुलगा पाटी घेऊन बसला. माझ्या फेरीत मी इथं सगळ्यांत जास्त वेळ घेते आणि कुणी घाई केली तर ऐकत नाही. नव्या राजवाड्यात बरीच वर्षं जिल्हा न्यायालय होतं. माझे वडील साक्षीला जाऊन आले की 'कोर्टात गेलो होतो' असं न म्हणता 'राजवाड्यावर गेलो होतो' म्हणायचे. वाड्याची अवस्था बघून वाईट वाटेल, त्याबद्दल इथं लिहीत बसत नाही. बाहेरून लाकडी खांब आणि दर्शनी भाग बघा, आत जाता आलं तर नशीब.

जवळच नगर वाचनालय आहे. त्याच्या नावात प्रतापसिंह महाराज आणि पुढं कंसात 'थोरले' असं येतं. शाहूंसारखीच भानगड, प्रतापसिंह नावाचेही एकाहून जास्त झाले. राजवाड्याच्या वरच्या अंगाला, गडाच्या पायथ्याशी, अदालत वाडा आहे. नावावरून न्यायनिवाड्याची जागा, आज राजघराण्याचं निवासस्थान. जलमंदिर आणि सुरुचीही तसेच. ही राहती घरं आहेत, फाटकातून डोकावत उभं राहू नये. दसऱ्याला येणार असाल तर गोष्ट वेगळी, त्या दिवशी जलमंदिरातून भवानी तलवारीची मिरवणूक निघते आणि पोवई नाक्यापर्यंत जाते.

दसऱ्यावरून चार भिंती. गडाच्या बाजूच्या टेकाडावरची ती चौकोनी वास्तू तुम्हाला लांबूनही दिसेल. राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक बघता यावी म्हणून प्रतापसिंहांनी १८३० मध्ये बांधली असं सांगतात. आज ती १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले होते आणि तेरा-चौदा वर्षं तिथं अर्ज-विनंत्या करत राहिले. उपयोग झाला नाही. परत आले आणि सत्तावन्नच्या उठावाच्या तयारीला लागले. कट फुटला, ते निसटले ते कायमचे, पुन्हा सापडलेच नाहीत. त्यांच्या सतरा साथीदारांना सप्टेंबर १८५७ मध्ये गेंडामाळावर मारलं, कुणाला फाशी, कुणाला गोळी, कुणाला तोफेच्या तोंडी. सणाची मिरवणूक बघायची जागा आणि हे स्मारक, एकाच चार भिंतींत. संध्याकाळी वर वारा छान असतो, पण चढ आहे, आईंना खालीच थांबू दे.

संग्रहालयाबद्दल थोडक्यात. एसटी स्टँडजवळ छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे, शस्त्रं, वस्त्रं, नाणी. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं इथं आली होती तेव्हा रांगा लागल्या, काही महिन्यांनी ती पुढं नागपूरला गेली. ती बघायला म्हणून येऊ नका, पण त्यांची वाट मुलीला सांगा. ती ग्रँट डफच्या घराण्याकडून त्या संग्रहालयाला मिळाली, म्हणजे आपल्या इथल्या रेसिडेंटच्या बाडबिस्ताऱ्यातून गेलेली. अफझलखानाच्या वेळची तीच का, हे त्या संग्रहालयानंही खात्रीनं सांगितलेलं नाही, तेव्हा प्रकल्पात तसं ठोकून देऊ नये.

कागदांचंही असंच. शाहू दफ्तर पुण्याच्या पुरालेखागारात आहे. इतिहास संशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी साताऱ्यात बसून जमवलेला मोठा ऐतिहासिक संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. राजधानीचं पत्रव्यवहाराचं कपाट साताऱ्यात नाहीच. मोठी झाल्यावर मुलीला या विषयात रस राहिला तर तिचा खरा रस्ता पुण्याकडे जातो.

आता दीड दिवस कसा लावायचा. पहिल्या दिवशी सकाळी लवकर निघा, दुपारी लिंब, चारच्या सुमाराला गड, उतरताना चार भिंती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, दुकानं उघडायच्या आत, राजवाड्यापासून मोती चौकातून वरच्या रस्त्यानं चालत या आणि एखाद्या गल्लीतून खालच्या रस्त्याला उतरा. हे सगळं तासाभराचं आणि उताराचं, आईंना जमेल, दमल्या तर रिक्षा पावलोपावली आहे. पेढे याच वेळी घ्या, सकाळचे ताजे असतात. मग संग्रहालय. वेळ उरला तर पोवई नाक्याच्या बाजूला रयत शिक्षण संस्थेत कर्मवीरांच्या समाधीपाशी जा. संस्था १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्यात निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात आली. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या शेतकऱ्यांच्या पोरांना विचाराल तर सातारा राजधानी कशाची, तर रयतची, असंच सांगतील, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

शेवटी संगम माहुली, गावापासून पाचेक किलोमीटर, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथं. समोरच्या काठाला क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव प्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलं. राजधानीतली माणसं मेल्यावर इथं आणली जायची. थोरल्या शाहूंची समाधी इथं, ताराबाईंची इथं. १८१७ मध्ये इंग्रज अधिकारी माल्कम आणि पेशवा दुसरा बाजीराव भेटले तेही माहुलीलाच. एवढ्या मोठ्या माणसांच्या समाध्या किती साध्या आहेत ते बघून लोक चरकतात. मी फेरी इथं संपवते आणि मुलांना आधी कुत्र्याच्या समाधीकडे नेते. शाहूंचा खंड्या. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखी दिली, भर दरबारात दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, अशी हकीकत ग्रँट डफनंही लिहून ठेवली आहे. तो दगडी कुत्रा घाटावर बसलेला आहे. पोरं त्याच्या पाठीवरून हात फिरवतात, फिरवू द्यावा.

जुलै ते सप्टेंबरात येणार असाल तर पाण्याचा अंदाज घेऊन जा. नदी चढली की पात्रातल्या समाध्या बुडतात आणि शेवाळानं पायऱ्या निसरड्या होतात. एरवीही आईंना घाटावर उतरवू नका. त्यांना देवळाच्या मंडपात बसवा, गार असतं, आणि तुम्ही दोघं खाली जाऊन या.